कमी बोलावं लागेल आणि पगारही बरा मिळेल, असं काम कोणतं?

भिडस्त_कऱ्हाडकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय २७. मेकॅनिकलमधून बी.ई. झालो ते २०२० मध्ये. कॅम्पस मुलाखती कोविडमध्ये बारगळल्या. घरी बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून एका फायनान्स कंपनीत कर्जविक्रीच्या कामाला लागलो, तो अजून तिथेच आहे. हातात ३४ हजार पडतात, टार्गेट झालं तर वर चार-पाच. घरी आई-वडील, दीड एकर ऊस, आणि ताईच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाची अजून तीन वर्षं बाकी. तेव्हा पगार कमी झालेला परवडणार नाही, हे आधीच सांगतो.

रोज सत्तर-ऐंशी अनोळखी लोकांना फोन करायचे असतात. प्रत्येक फोनआधी मी पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून बघतो. समोरून फोन आपटला तर दोन मिनिटं जिन्यात जाऊन उभा राहतो, मग पुढचा नंबर. संध्याकाळी घरी आलो आणि आईने "भाजी कसली करू?" एवढंच विचारलं, तरी उत्तर द्यायचं जिवावर येतं. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. दिवसभर परक्यांसाठी खर्च झालेले शब्द घरच्यांसाठी उरत नाहीत.

गावात कुणी घुम्या म्हणतं, कुणी माणूसघाणा. मी माणूसघाणा नाही. दोनच मित्र आहेत, पण शाळेपासूनचे आहेत. ज्यात माणसांशी कमीत कमी संबंध येईल आणि पोटापाण्याचंही नीट भागेल, असं काम कुणाला माहीत आहे का? घरबसल्या टायपिंगच्या जाहिराती येतात, त्यात काही तथ्य असतं का?

रानवारा

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. ज्या टायपिंगच्या किंवा डेटा एंट्रीच्या कामासाठी आधी "रजिस्ट्रेशन"चे पैसे मागतात, ते काम नसतं, ती फसवणूक असते. माझ्या मावसभावाने अडीच हजार भरले, पानं टाइप करून दिली, मग "अचूकता कमी, करार मोडला, दंड भरा, नाहीतर वकिलाची नोटीस" असे फोन सुरू झाले. तो घाबरून आणखी नऊ हजार भरून बसला. कुणाच्या बाबतीत असं झालंच, तर लाजेखातर गप्प राहू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

अबोल माणसंच या जाळ्यात जास्त सापडतात, कारण "कुणाशी बोलावं लागणार नाही" हेच आमिष असतं.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट, नागपूर. भाऊ, तुमच्यासाठी हा रस्ता नाही, पण धागा बारावीची मुलंही वाचत असतील, म्हणून लिहिते.

हिस्टोपॅथॉलॉजीत माझा बराचसा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली जातो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो, त्याचं ग्रॉसिंग (डोळ्यांनी तपासून हवे ते भाग कापून घेणं) होतं, मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप काढतात, रंगवतात. दुसऱ्या दिवशी त्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडी माझ्या टेबलावर असतात. त्या तासाभरात कुणी बोललेलं मला खपत नाही आणि कुणी बोलतही नाही. पेशंट मला ओळखत नाही. मी मात्र त्याची गाठ साधी की कर्करोगाची, हे त्याच्याआधी ओळखते.

पण फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवलेला तुकडा, आला की चित्र पालटतं. पेशंट टेबलावर भूल दिलेला, सर्जन हातमोजे घालून थांबलेला, आणि वीसेक मिनिटांत मला फोनवर सांगायचं असतं की कडा मोकळ्या आहेत की अजून कापावं लागेल. ते बोलणं चार वाक्यांचं, पण त्यात चाचरून चालत नाही. मी स्वतः शाळेत वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. त्या फोनची मला कधी भीती वाटली नाही, कारण काय सांगायचं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तिथे पोचेपर्यंत साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस. आणि तीन वर्षांचं एम.डी., आणि एम.बी.बी.एस.मध्ये तर दिवसरात्र माणसंच माणसं. शिवाय स्वतःची लॅब टाकलीत तर आजूबाजूच्या डॉक्टरांकडे जाऊन संबंध राखावे लागतात. ते मला जमण्यातलं नव्हतं, म्हणून मी नोकरीच पत्करली. उत्पन्न कमी, पण शांतता आहे.

विमागणिती

अॅक्च्युअरीचं नाव यात यायलाच हवं. विमा कंपनीने किती हप्ता घ्यावा, पुढच्या तीस वर्षांच्या दाव्यांसाठी आज किती पैसे बाजूला ठेवावेत, याचं गणित करणारी माणसं आम्ही. इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग एकेक पेपर सोडवत जायचं. कॉलेज लागत नाही, नोकरी करत घरी अभ्यास होतो. पण पाच-सात वर्षं सहज जातात आणि नापास होणं हा त्या प्रवासाचा भागच आहे. एक पेपर मी तिसऱ्या खेपेला सोडवला.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. आमच्या परीक्षांत मी दिल्या तेव्हा सीपी३ नावाचा एक पेपर होता, आणि त्याचा विषयच "संवाद" होता. अवघड गणित सामान्य माणसाला कळेल असं लिहून दाखवायचं. भलेभले गणिती तिथे अडकायचे. दुसरी गोष्ट, प्रत्येक विमा कंपनीला एक नियुक्त अॅक्च्युअरी ठेवावाच लागतो, आणि त्याला संचालक मंडळासमोर उभं राहून "हा दर परवडणार नाही" असं ठणकावून सांगावं लागतं. पगार वर चढत जातो तसं बोलणंही वाढत जातं. आमच्याकडे तरी मला याला अपवाद दिसला नाही. मधल्या पायरीवर थांबायचं ठरवलं तर छान जगता येतं, आणि मी तेच ठरवलं आहे.

मनमोकळी

मी समुपदेशक आहे. उपाय सुचवण्याआधी भिडस्त यांना एक विचारू का? तुम्हाला नक्की कोणतं बोलणं जड जातं? अनोळखी माणसाशी बोलणं, फोनवर बोलणं, चारचौघांत बोलणं, काहीतरी मागणं, की अचानक बोलावं लागणं? आपल्याकडे अबोल, बुजरा, भिडस्त, एकलकोंडा, घुमा असे वेगवेगळे शब्द आहेत आणि ती माणसंही वेगवेगळी असतात. अबोल माणसाला बोलण्याची गरज वाटत नाही. बुजऱ्याला बोलायचं असतं, पण धीर होत नाही. भिडस्ताला बोलता येतं, नाही म्हणता येत नाही. तिघांनाही एकच नोकरी सुचवली तर दोघांचं नुकसान होईल.

आणखी एक. छातीत धडधड, हाताला घाम, आदल्या रात्री झोप न येणं, त्यापायी कार्यक्रम टाळणं असं होत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. नोकरी बदलायची ती भीतीपासून पळण्यासाठी नको. स्वतःला मानवेल असं काम मिळावं म्हणून बदला.

भिडस्त_कऱ्हाडकर

मनमोकळी ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस विचार केला.

परवा शेजारच्या काकांचा पॉवर टिलर बंद पडला. मी गेलो, गिअरबॉक्स उघडला, आणि त्यांना व त्यांच्या मुलाला अर्धा तास समजावत होतो की सील का गेलं, तेल कुठून येतंय, बेअरिंगला काय होणार. घरी आल्यावर लक्षात आलं की मी अर्धा तास सलग बोललो आणि जराही थकलो नाही. उलट बरं वाटलं.

म्हणजे मला बोलणं जड जात नाही. मागणं जड जातं. ज्याला नको आहे त्याच्या गळ्यात काहीतरी मारायचं, आणि त्याने नाही म्हटलं तरी तिसऱ्यांदा विचारायचं, हे. झोप वगैरे ठीक आहे. रविवारी संध्याकाळपासून मात्र पोटात गोळा येतो.

जाळीवाला

अरे मग तुझा प्रश्न अर्धा सुटला की! मीही मेकॅनिकलच. पुण्यात सीएई, म्हणजे कॉम्प्युटर-एडेड इंजिनिअरिंग, करतो. गाडीच्या भागाचं संगणकावरचं मॉडेल घ्यायचं, त्यावर लाखो छोट्या तुकड्यांची जाळी विणायची, आणि धडक झाली तर पत्रा कुठे दुमडेल, थरथरून वेल्ड कुठे सुटेल, ते प्रत्यक्ष गाडी ठोकण्याआधी काढायचं. पुणे-चाकण पट्ट्यात वाहन उद्योग असल्याने कामं इथे असतात. कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसता येतं. सकाळी एक पंधरा मिनिटांची मीटिंग, आणि आठवड्यातून एकदा डिझाइनवाल्यांशी हुज्जत. ती हुज्जत तुझ्या पॉवर टिलरसारखीच असते, वस्तू समोर असते.

पण खरं ते सांगतो. नुसतं मेशिंग शिकवून "प्लेसमेंट"चं आश्वासन देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नकोस. नुसत्या जाळी विणणाऱ्याचा सुरुवातीचा पगार तुझ्या आताच्या पगाराहून कमी असू शकतो, आणि ते काम आता बरंचसं आपोआप व्हायला लागलंय. पैसे मिळतात ते निकाल वाचता येणाऱ्याला. "इथे ताण जास्त दिसतोय तो खरा आहे की जाळीच्या चुकीमुळे आहे" हे ज्याला कळतं त्याला. त्यासाठी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल पुन्हा पहिल्यापासून वाच.

घाटवाट

मी निवृत्त लोको पायलट. पुणे-लोणावळा-कल्याण मार्गावर आयुष्य गेलं. तरुण मुलं म्हणतात, "काका, तुमचं बरं, केबिनमध्ये एकटे." एकटा कधीच नसतो रे बाळा. शेजारी सहायक असतो, आणि समोर सिग्नल दिसला की त्याचा रंग दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा, हा नियम आहे. वीस वर्षं बरोबर काम केलेली माणसं असली तरी प्रत्येक सिग्नलला सांगायचंच. मागे गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्याच्याशी वॉकी-टॉकीवर. कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागतात, १ : ३७ चा चढ आहे तो, तेव्हा पुढच्या-मागच्याचा मेळ बसावा लागतो.

एवढं सोडलं तर मात्र केबिनमध्ये शांतता असते. मोबाइल बंद ठेवावा लागतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडताना पहाटे साडेपाचला जे दिसतं, त्यासाठी मी पगाराशिवायही गेलो असतो.

सहायक लोको पायलटची भरती रेल्वे भरती मंडळाकडून होते. आय.टी.आय., डिप्लोमा किंवा डिग्री, तिन्ही चालतात. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार १९,९०० पासून, वर महागाई भत्ता आणि धावलेल्या किलोमीटरचा भत्ता. तो धरला की आकडा बरा होतो. डोळे मात्र चष्म्याशिवाय ६/६ लागतात, लेसर ऑपरेशन केलेले चालत नाहीत. आणि घरच्या सणाला तुम्ही घरी असालच असं नाही. माझ्या मुलीच्या बारशाला मी इगतपुरीच्या रनिंग रूमवर (गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या जागी) होतो. अजून सलतं ते.

तिची_आई

माझ्या मुलीला स्वमग्नता (ऑटिझम) आहे हे ती २१ वर्षांची असताना कळलं. तोवर सगळे "लाजाळू आहे" म्हणत होते, मीही. आज ती एका संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या नोंदींचं संगणकीकरण करते. पगार फार नाही, पण तिचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि सूचना लेखी मिळतात. लेखी सूचना हा एवढासा बदल होता. पहिल्या ठिकाणी तो मागितला तर "सगळ्यांना तोंडी चालतं, हिलाच का नाही?" असं ऐकून घ्यावं लागलं होतं.

हे लिहायचं कारण असं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांत या गटाचाही वाटा आहे. बऱ्याच पालकांना ते माहीतच नसतं. तुमच्या घरी असं मूल असेल तर तपासणी आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांना उशीर करू नका. आम्ही सहा वर्षं घालवली.

नेकारकाठची

जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर तपासते. इथे मीटिंगला विषयपत्रिका असते, वेळेवर संपते, आणि दुपारी जेवताना गप्प बसलेल्या माणसाला कुणी "काय झालं?" विचारत नाही. अबोल माणसाला हे फार सुखाचं आहे. पण माणसं टाळायला म्हणून इकडे येऊ नका. घर शोधणं, व्हिसा कचेरी, डॉक्टरची वेळ, सगळीकडे परक्या भाषेत आणि बऱ्याचदा फोनवर बोलावं लागतं. पहिल्या हिवाळ्यात एकदा शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ माझ्या तोंडून एकही शब्द निघाला नव्हता. सोमवारी ड्रायव्हरला "गुटेन मोर्गेन" म्हणताना आवाज फुटेना. तेव्हा कळलं की कमी बोलणं आणि कुणीच नसणं यात किती अंतर आहे.

दावेदार

मी पेटंट एजंट आहे, म्हणजे शोधावरचा हक्क मिळवण्यासाठीचे अर्ज लिहून देतो. भिडस्त, तुझा पॉवर टिलरचा प्रतिसाद वाचून तुला लिहायला बसलो, कारण तू जे केलंस तेच आमचं काम आहे.

शोध लावणारा माणूस येतो. त्याच्याशी एक-दीड तास बोलायचं. विषय एकच, त्याची वस्तू. हे कसं चालतं, हा भाग का घातला, तो काढला तर काय बिघडेल. तो आपणहून भरभरून सांगतो, आपल्याला काही गळ्यात मारायचं नसतं. मग तीन-चार दिवस एकट्याने लिहायचं. आधी जगभरची जुनी पेटंटं धुंडाळायची, असं आधी कुणी केलंय का बघायला. मग वर्णन, मग दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं. प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहावा लागतो, कितीही लांब झाला तरी. त्या एका वाक्यावर वीस वर्षांचा हक्क उभा असतो. कधीतरी पेटंट ऑफिसरसमोर सुनावणी असते, तीही बऱ्याचदा व्हिडिओवर.

विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते. दोन लेखी पेपर आणि एक तोंडी. ती दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून तिची वाट बघत बसू नये. पेटंट शोध करणाऱ्या कंपन्यांत विश्लेषक म्हणून आधी लागता येतं. पुण्यात आहेत. सुरुवातीला तुझ्या आजच्या पगाराच्या आसपासच मिळेल, उडी लगेच दिसणार नाही. एजंट झालास आणि लिखाणाला हात बसला की मग दिसते. इंग्रजी लिखाण काटेकोर हवं, बोलण्याचं नाही.

एक काम देतो. घरातली कोणतीही साधी वस्तू घे आणि तिचं एका वाक्यात वर्णन कर, असं की चित्र न बघता लोहाराला ती बनवता यावी. मराठीत कर.

भिडस्त_कऱ्हाडकर

दावेदार दादा, आजीचा अडकित्ता घेतला. रात्री साडेदहाला बसलो, घड्याळ बघितलं तेव्हा एक वाजला होता. हे लिहिलंय:

"सुपारी कातरण्याचं साधन, ज्यात दोन पितळी दांडे असून ते एका टोकाशी लोखंडी खिळ्याने असे जोडलेले आहेत की ते एकमेकांकडे व एकमेकांपासून दूर फिरू शकतात, आणि ज्यातल्या वरच्या दांड्याच्या आतल्या कडेला पोलादी पातं बसवलेलं असून खालच्या दांड्याला त्या पात्यासमोर सुपारी टेकवण्यासाठी खोलगट जागा आहे."

दावेदार

पहिल्या प्रयत्नाला उत्तम. "असे जोडलेले आहेत की" हे तुला आपोआप सुचलं, ते शिकवायला मला लोकांवर महिना घालवावा लागतो.

आता तुझा शेजारी बन आणि हा दावा चुकवून अडकित्ता कर. पितळी का लिहिलंस? त्याने दांडे लोखंडाचे केले की तो सुटला. खिळा का? त्याने बिजागरी लावली की सुटला. वरचा, खालचा का? त्याने उलटा धरला की सुटला. आणि सुपारीच का? जे नसलं तरी अडकित्ता अडकित्ताच राहतो, ते सगळं काढ.

भिडस्त_कऱ्हाडकर

"कठीण पदार्थ कातरण्याचं साधन, ज्यात दोन दांडे असून ते एका टोकाजवळ असे जोडलेले आहेत की ते एकमेकांकडे व एकमेकांपासून दूर फिरू शकतात, आणि ज्यातल्या एका दांड्याच्या दुसऱ्याकडे तोंड असलेल्या कडेला धार असून दुसऱ्या दांड्यावर त्या धारेसमोर तो पदार्थ टेकवण्याची जागा आहे."

आई विचारत होती, रात्रभर अडकित्ता घेऊन काय बसलास. तिला सगळं सांगितलं, दावा म्हणजे काय, पितळी का काढलं. ती म्हणाली, टेकवायची जागा खोलगट हवीच, नाहीतर सुपारी निसटते. दादा, ते "खोलगट" ठेवू का काढू?

दावेदार

पहिल्या दाव्यातून काढ. दुसरा दावा लिही, "दावा १ मधील साधन, ज्यात ती जागा खोलगट आहे." आईंचा मुद्दा तिथे बसतो. आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, विश्लेषकाच्या जागांसाठी अर्ज कसा लिहायचा ते बघू.

भिडस्त_कऱ्हाडकर

व्यनि केला आहे.